क्लासिकल गिटारची तबली किती पातळ असावी?

क्लासिकल गिटारच्या सहा तारा सुरात लावल्या की त्या सगळ्या मिळून साधारण ४० किलोच्या जोरानं ओढत असतात. हा ओढा जिथे येऊन थांबतो ती घोडी एका पातळ फळीवर, म्हणजे तबलीवर, नुसती सरसानं चिकटवलेली असते. ना खिळा, ना स्क्रू. फळीची जाडी अडीच मिलिमीटरच्या आतबाहेर, कधी जेमतेम दोन. खालच्या आधारपट्ट्या आणि घोडी धरूनही तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपासच भरतं. आणि हा ताण घटकाभराचा नाही. गिटार वाजो, न वाजो, तो रात्रंदिवस चालू असतो.

फळी जाड ठेवली तर गिटार नातवंडांपर्यंत टिकेल, पण आवाज घशातच अडकेल. फार पातळ केली तर गिटार सुंदर बोलेल, आणि काही वर्षांत पोट फुगून, पुढचा भाग खचून निकालात निघेल. या दोन्हींच्या मध्ये एक अरुंद जागा असते. ती जागा सापडवणं हे गिटार घडवणाऱ्याचं खरं काम. नक्षी, पॉलिश, चकचकीत खुंट्या या गोष्टी डोळ्यांत भरतात, पण त्यांचा नंबर बराच नंतर लागतो.

अशा कारागिराला जगभर लुथियर म्हणतात. शब्द फ्रेंच, ‘ल्यूट’ या जुन्या तंतुवाद्यावरून आलेला. ल्यूट मागे पडली, नाव मात्र व्हायोलिन आणि गिटार घडवणाऱ्यांना चिकटून राहिलं. ही गिटार जिथे आजच्या रूपाला आली त्या स्पेनमध्ये त्याला सरळ गितार्रेरो म्हणतात. मराठीत कारागिराला वेगळा शब्द नसला, तरी वाद्याच्या अवयवांसाठी सतार-तंबोऱ्याकडून आलेले नेमके शब्द आपल्याकडे आहेत, तेव्हा इथे तेच वापरतो. समोरची फळी ती तबली. तारा बांधायची ती घोडी. बोटांखाली येतात ते पडदे. तारा पिळायच्या त्या खुंट्या.

आणखी एक खुलासा. क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांची, बोटांनी छेडायची गिटार. पोलादी तारांची गिटार ही तिची चुलत बहीण. तिच्या तारांचा ताण जवळपास दुप्पट, म्हणून तिची हाडंही जाड. क्लासिकल गिटारला पोलादी तारा चढवणं म्हणजे तिच्या तबलीचा जीव घेणं, आणि हे पाप दर वर्षी अनेकजण अगदी निरागसपणे करतात.

आता आवाजाकडे वळू. तार एकटी फारसं बोलतच नाही. ती इतकी बारीक असते की हवेतून नुसती सरकून जाते. सुईनं वारा घालता येत नाही, त्याला सूप लागतं. तबली म्हणजे ते सूप. तार थरथरते, ती थरथर घोडीतून तबलीत उतरते, तबली आत-बाहेर होते आणि तिच्या मोठ्या पृष्ठभागामुळे पुरेशी हवा हलते. पेटीतली हवाही स्वस्थ बसत नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमते तशी ती मधल्या भोकातून घुमते. चांगल्या क्लासिकल गिटारमध्ये हा हवेचा घुमारा साधारण ९० ते ११० हर्ट्झच्या दरम्यान पडतो. सर्वांत जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झचा आणि तिच्या शेजारणीचा ११०, हे लक्षात घेतलं तर खर्जाला भरीवपणा कुठून येतो ते कळतं. तबलीचा स्वतःचा मुख्य कंप त्याच्या वर, १८० ते २२०च्या आसपास असतो.

इथे एक खोच आहे. असा घुमारा नेमका एखाद्या सुरावर येऊन बसला तर तो सूर खादाड होतो. तारेची सगळी ताकद एका घासात गिळतो, ढोलासारखा ‘धप्’ करतो आणि लगेच मरतो. युरोपातले वादक अशा सुराला लांडगा म्हणतात. शहाणा कारागीर हे घुमारे दोन सुरांच्या फटीत पाडायचा प्रयत्न करतो, म्हणजे लांडगा निदान अर्धा-अर्धा वाटला जातो. पूर्णपणे पळवून लावता येत नाही. नामांकित कारागिरांच्या महागड्या गिटारींतही एखादा सूर थोडा रुसलेला असतोच.

व्हायोलिनवादक गज ओढत राहतो, म्हणजे तारेला सतत नवी ऊर्जा मिळत राहते. गिटारवादकाचं तसं नाही. बोटानं तार खेचून सोडली की दिली तेवढीच शिदोरी. ती उधळायची की पुरवून पुरवून खायची, हे तबली ठरवते. तबली हलकी आणि लवचीक असेल तर शिदोरी झटक्यात संपते: आवाज मोठा, पण सूर अल्पायुषी. तबली जड आणि ताठ असेल तर सूर लांबतो, पण बारीक होतो. मोठा आवाज आणि लांब सूर दोन्ही एकाच वेळी हवे असतात, आणि दोन्हींसाठी लागणारी ऊर्जा एकाच खिशातली असते. गिटार घडवण्याच्या शास्त्रातले बहुतेक वाद या एका तिढ्यापाशी येऊन थांबतात.

म्हणून लाकूड असं हवं, की जे वजनाला हलकं पण ताठपणाला पक्कं. या परीक्षेत गेली काही शतकं स्प्रूस पहिला येत आला आहे, त्यातही आल्प्सच्या थंड उतारांवर सावकाश वाढलेला. थंडीमुळे झाड वर्षाला थोडंच वाढतं, म्हणून वाढीच्या रेषा जवळ जवळ आणि सरळ पडतात. दुसरं लाकूड सीडर. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या जंगलातलं, तांबूस, जास्त मऊ आणि हलकं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते खरं सीडर नाहीच, पण नाव पडलं ते पडलं. सीडरची गिटार पहिल्या दिवसापासून मोकळी आणि उबदार बोलते. स्प्रूसचा आवाज अधिक स्पष्ट, आणि तो वाजवता वाजवता खुलत जातो असं वादक सांगतात. यातलं किती लाकडात घडतं आणि किती वाजवणाऱ्याच्या कानात, यावर पैजा लावायला मी तयार नाही.

झाड चांगलं म्हणजे फळी चांगली असं होत नाही. तबलीसाठी ओंडका मध्यापासून बाहेरच्या दिशेनं, पावाच्या लादीचे नव्हे तर गोल केकचे काप काढावेत तसा फाडतात. त्यामुळे वाढीच्या रेषा फळीत उभ्या येतात आणि फळी सर्वांत ताठ मिळते, हवामानानं कमी वाकते. करवतीपेक्षा कुऱ्हाड-पाचरीनं फाडलेलं लाकूड अनेकांना जास्त भरवशाचं वाटतं, कारण पाचर तंतूंच्या मार्गानं जाते आणि करवत आपल्या मार्गानं. मग ती फळी काही वर्षं मुरू देतात. मुरलेल्या फळीचे जाडीतून दोन भाग करून पुस्तकासारखे उघडतात आणि मधोमध सांधतात. डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब दिसते ती यामुळे. हा सांधा रंध्यानं इतका नेमका करावा लागतो, की दोन्ही कडा जुळवून दिव्यासमोर धरल्या तर मधून उजेडाची रेघही दिसता कामा नये.

आता मुद्द्याचा आकडा. फळीची जाडी दहा टक्के कमी केली तर वजन दहा टक्केच उतरतं, पण ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी घसरतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे अडीच मिलिमीटरच्या फळीवरून पाव मिलिमीटर रंधून काढलं, पोस्टकार्डाच्या जाडीएवढं, की गिटारचा स्वभाव बदलला. शिवाय स्प्रूस रेषांच्या दिशेनं जितका ताठ असतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही आडव्या दिशेनं नसतो. आणि हे प्रमाण प्रत्येक फळीत वेगळं. एकाच झाडाच्या दोन फळ्या एकाच जाडीला रंधल्या तरी त्या दोन वेगळ्या वस्तू असतात.

हातानं घडवलेल्या गिटारची सगळी किंमत या वाक्यात आहे. कारखान्याला हजार तबल्या करायच्या असतात. प्रत्येक फळीची नाडी बघत बसणं त्याला परवडत नाही, म्हणून तो एक सुरक्षित जाडी ठरवतो, ज्या जाडीला सर्वांत कमकुवत फळीही तग धरेल. साहजिकच बाकीच्या सगळ्या फळ्या गरजेपेक्षा जाड राहतात. आणि स्वस्त गिटारींची तबली तर प्लायवुडची असते. प्लाय तडकत नाही, पण त्यातले थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे स्प्रूसचा एकाच दिशेचा ताठपणा त्यात उरत नाही. हातानं काम करणारा प्रत्येक फळी वाकवून बघतो, दोन बोटांत लोंबकळत धरून टिचकी मारतो, कान लावतो, परत रंधा मारतो. आपल्या हातातल्या या एका फळीला कड्याच्या किती जवळ नेता येईल, एवढाच त्याचा प्रश्न असतो. यंत्रानं कापलेलं लाकूड वाईट असतं असं काही नाही. पडद्यांच्या खाचा यंत्र माणसापेक्षा नेमक्या पाडतं. पण थांबायचं कुठे, हे यंत्राला त्या फळीकडून कळत नाही.

हल्ली काही कारागीर टिचकीच्या जोडीला वजनकाटा, मायक्रोफोन आणि संगणकही ठेवतात. फळीवर ठरावीक वजन ठेवून ती किती वाकली ते मोजतात, टिचकीचा आलेख काढतात. जुन्या वळणाचे लोक यावर नाक मुरडतात. मला त्यात भांडण दिसत नाही. दोघंही फळीला एकच प्रश्न विचारताहेत.

एवढी पातळ तबली ४० किलो ओढ्यासमोर उभी राहते ती आतल्या आधारपट्ट्यांच्या जोरावर. आणि इथे एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं: आंतोनियो दे तोर्रेस. १८१७ साली स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्मेरियाजवळ जन्मलेला सुतार. पुढे तो सेव्हिलला गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यानं गिटारला असं काही वळण दिलं, की आज कुठल्याही दुकानात टांगलेली क्लासिकल गिटार त्याच्याच गिटारची वंशज असते. त्याआधीच्या गिटारी लहान, अरुंद कमरेच्या होत्या. तोर्रेसनं पेटी मोठी केली, तबली पातळ केली, तिला किंचित घुमटाचा आकार दिला आणि खालून पंख्याच्या काड्यांसारख्या सात बारीक पट्ट्या पसरवल्या. पंख्याची कल्पना त्याची नव्हती. कादिझ आणि सेव्हिलचे कारागीर अठराव्या शतकातही अशा पट्ट्या लावत. पण आकार, घुमट, पट्ट्या आणि पातळपणा यांचं गणित एकत्र बसवलं ते त्यानं. मेरूपासून (मानेच्या वरच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत ६५० मिलिमीटर ही तारेची लांबीही त्याच्याच काळात रुळली आणि आजही तीच प्रमाण मानली जाते.

एवढं करूनही तोर्रेसचं पोट गिटारींवर भरलं नाही. १८७०च्या सुमारास तो आल्मेरियाला परतला, चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं आणि काही वर्षं गिटार घडवणं सोडूनच दिलं. १८७५ मध्ये पुन्हा सुरुवात केली ती १८९२ मध्ये मरेपर्यंत.

त्याच्या अखेरच्या काळात त्याला मदत करणाऱ्या एका पाद्र्यानं पुढे पत्रात एक आठवण लिहून ठेवली आहे. कुणीतरी तोर्रेसला म्हणालं, तुझं गुपित तुझ्याबरोबर जाऊ देऊ नकोस. त्यावर त्याचं उत्तर असं होतं, की ते गुपित तुम्ही सगळ्यांनी कितीदा तरी पाहिलंय, पण ते मागे ठेवता येणार नाही. ते अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांत आहे. तबली नीट झाली की नाही ते ही दोन बोटं सांगतात. गोष्ट जरा जास्तच सुबक आहे हे मान्य. पण वर घनाचा हिशेब वाचल्यावर ती भाबडी वाटत नाही. पाव मिलिमीटरचा फरक सरावलेल्या चिमटीला खरोखरच जाणवतो.

तबलीवर त्याचा किती विश्वास होता, याचा पुरावा बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १८६२ साली त्यानं एक गिटार केली. तिची तबली नेहमीसारखी स्प्रूसची, पाठ आणि बाजू मात्र चक्क पुठ्ठ्याच्या. आवाज तबलीत आहे, पाठीच्या उंची लाकडात नाही, हे त्याला दाखवायचं होतं.

हे उदाहरण लोक ऐकतात, मान डोलावतात आणि मग विचारतात, “पाठ रोजवुडची आहे ना?” पाठ आणि बाजूंसाठी ब्राझीलचं रोजवुड ही दीडशे वर्षं प्रतिष्ठेची गोष्ट होती. ते इतकं तोडलं गेलं की १९९२ मध्ये सायटीस या, दुर्मिळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं त्याला सर्वांत कडक यादीत टाकलं आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद झाला. त्याची जागा घेतली ती भारतीय रोजवुडनं, म्हणजे आपल्या शिसवीनं. जगातल्या कितीतरी उत्तम गिटारींची पाठ शिसवी असते. २०१७ मध्ये रोजवुडच्या संपूर्ण कुळावर परवान्याची अट आली, तेव्हा वाद्य घेऊन देशाबाहेर कार्यक्रमाला जाणाऱ्या वादकांचीही पंचाईत झाली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या रोजवुडला मात्र नाही.

पाठीच्या लाकडानं आवाज खरंच किती बदलतो? २०१८ मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी पोलादी तारांच्या सहा गिटारी एकाच घडणीच्या, पण पाठीचं लाकूड वेगवेगळं ठेवून करून घेतल्या. ५२ वादकांनी लाकूड न बघता त्या वाजवल्या. महाग आणि स्वस्त लाकडांना त्यांनी जवळपास सारखेच गुण दिले. ही परीक्षा क्लासिकल गिटारची नव्हती, तेव्हा ती जशीच्या तशी लावता येणार नाही. पण पुठ्ठ्याची गिटार करणाऱ्या सुताराला त्यात नवल वाटलं नसतं.

प्रत्यक्ष जोडणी स्पॅनिश पद्धतीत उलटी होते. कारागीर तबली तोंडावर पालथी ठेवतो, खाली किंचित खोलगट केलेला पाट, त्याला सोलेरा म्हणतात. त्या खोलगटपणातून तबलीला घुमट मिळतो. मानेच्या टाचेला दोन्ही बाजूंनी खाचा असतात, त्यात बाजूच्या पट्ट्यांची टोकं बसतात. म्हणजे मान आणि पेटी वेगवेगळ्या करून नंतर जोडत नाहीत. गिटार मानेभोवती उभी राहते. दोनेक मिलिमीटर जाडीच्या बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवतात. उष्णतेनं लाकडातला चिकट भाग सैलावतो, थंड झाला की नव्या आकारात घट्ट होतो. घाई केली की पट्टी तडकते. शिसवी त्या मानानं समजूतदार असते, पण वेड्यावाकड्या रेषांचं देखणं लाकूड हमखास दगा देतं. मग तबली आणि बाजू यांच्या कोपऱ्यात नखाएवढे लाकडी ठोकळे एकेक करून सरसानं चिकटवत जातात. शेवटी पाठ लावून पेटी बंद.

सरस म्हणजे तोच, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला, गरम करून लावायचा. आधुनिक गोंद सोपे आहेत आणि अनेकजण तेच वापरतात. पण सरसाचा एक गुण बाकीच्यांत तेवढा नाही: ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो. पन्नास वर्षांनी घोडी बदलायची किंवा पाठ उघडायची झाली तर पुढचा कारागीर लाकूड न फाडता ती उघडू शकतो.

भोकाभोवतीची रंगीत नक्षी हे स्वतंत्र प्रकरण आहे. ती रंगवलेली नसते. केसासारख्या बारीक रंगीत लाकडी काड्या ठरलेल्या क्रमानं चिकटवून एक जुडी करतात आणि तिचे काप काढतात. प्रत्येक कापात तीच नक्षी उमटते. ते काप गोलात बसवतात. आवाजाशी तिचा संबंध नाही, पण तिच्यावरून गिटार कोणाची ते ओळखणारे लोक आहेत.

पॉलिशचा मात्र आवाजाशी संबंध आहे. जाड लॅकरचा थर म्हणजे तबलीवर चढवलेला कोट. म्हणून चांगल्या गिटारींना अजूनही लाखेचं फ्रेंच पॉलिश करतात: लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं गोल गोल फिरवत शेकडो पातळ हात द्यायचे. काम आठवडेच्या आठवडे चालतं. आणि एवढं करून ते पॉलिश नाजूकच राहतं, घामानं मऊ पडतं, नखानं ओरखडतं.

पडद्यांचं गणित एका आकड्यात मावतं. तारेची उरलेली लांबी १७.८१७ नं भागायची, आला तो पुढच्या पडद्यापर्यंतचा पल्ला. ६५० ला भागलं की पहिला पडदा मेरूपासून ३६.४८ मिलिमीटरवर येतो, मग उरलेल्या ६१३.५२ ला भागायचं, असं करत बाराव्याला बरोबर निम्म्यावर, ३२५ वर पोचतो. गणित इथे संपतं आणि लाकूड-नायलॉन सुरू होतं. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून घोडीवरची हाडाची पट्टी हिशेबापेक्षा दीड-दोन मिलिमीटर मागे सरकवतात. तरी तिसरी तार, जाड आणि मंद, वरच्या पडद्यांत थोडी बेसूर होतेच. तिच्याबद्दल तक्रार न करणारा क्लासिकल गिटारवादक मी पाहिलेला नाही.

नायलॉनचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तोर्रेसच्या काळी तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या दोऱ्याची गरज शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी पडली आणि तारा मिळेनाशा झाल्या. न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टीन या गिटार कारागिरानं ड्यूपाँट कंपनीच्या नायलॉनपासून तारा करून पाहिल्या. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियानं त्या उचलून धरल्या आणि काही वर्षांत आतडं इतिहासजमा झालं.

सेगोव्हियाचं नाव कारागिरांच्या गोष्टीत सारखं येतं. विसाव्या शतकात ही गिटार बैठकीतून मोठ्या सभागृहात नेली ती प्रामुख्यानं त्यानं. १९२४ मध्ये तो म्यूनिकला गेला असता हेरमान हाउझर या जर्मन कारागिरानं त्याची माद्रिदची गिटार हातात घेऊन बारकाईनं पाहिली. ती १९१२ ची, मानुएल रामिरेझच्या कारखान्यातली. हाउझर तोवर वेगळ्या, जर्मन-व्हिएनी वळणाच्या गिटारी करत असे. त्यानं स्पॅनिश घडणीचा अभ्यास सुरू केला. दर काही काळानं तो नवी गिटार दाखवायचा, सेगोव्हिया चूक काढायचा. हे तेरा वर्षं चाललं. १९३७ च्या गिटारवर सेगोव्हिया थांबला, तिला आपल्या युगातली सर्वांत थोर गिटार म्हणाला आणि १९६२ पर्यंत तिच्यावरच वाजवत राहिला. दोन्ही गिटारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. मला या गोष्टीत ती १९३७ ची गिटार जितकी आवडते, त्याहून जास्त त्याआधीच्या नापास गिटारी आवडतात.

रामिरेझवरून आणखी एक. ‘हातानं घडवलेली’ म्हणजे एकाच माणसाच्या हातची असं नसतं. १९१२ ची ती गिटार मानुएल रामिरेझच्या नावाची, पण ती प्रत्यक्ष सांतोस एर्नांदेझ या त्याच्याकडच्या कारागिरानं केली असं मानतात. पुढे याच घराण्यातल्या तिसऱ्या होसे रामिरेझच्या मोठ्या कारखान्यात प्रत्येक कारागीर आपल्या गिटारवर आद्याक्षरांचा शिक्का मारायचा, आणि जाणकार आजही तो शिक्का शोधतात. १९६० च्या दशकात सीडरची तबली रूढ केली तीही याच कारखान्यानं, तारेची लांबी ६६४ मिलिमीटरपर्यंत वाढवून. सभागृहं मोठी होत चालली होती, आवाज पुरवायचा होता.

तोच हट्ट पुढे ऑस्ट्रेलियात ग्रेग स्मॉलमननं टोकाला नेला. त्यानं पंखा काढून टाकला आणि बाल्सा लाकूड व कार्बन फायबरची बारीक जाळी लावली. जाळी इतका भार पेलते की तबली कागदासारखी पातळ करता येते. पाठ आणि बाजू मात्र जाड आणि जड, म्हणजे त्या हलून ऊर्जा खाणार नाहीत. १९८० च्या दशकापासून गिटारवादक जॉन विल्यम्स त्याच्या गिटारी वाजवू लागला. जर्मनीत मथियास डामान आणि गेर्नोट वाग्नर यांनी वेगळी वाट काढली: दोन अतिशय पातळ लाकडी पापुद्रे आणि मध्ये पोकळ गाभा. वाग्नरनं त्यासाठी नोमेक्स नावाचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं साहित्य वापरलं, जे विमानांच्या भागांत वापरतात. या गिटारींचा आवाज मोठा आहे यावर कुणाचं दुमत नाही. छटा कमी झाल्या का, यावर मात्र रात्रभर वाद घालणारे लोक आहेत. मी जुन्या पंख्याच्या बाजूचा, पण शेवटच्या रांगेत बसून स्मॉलमन ऐकली की माझी बाजू थोडी डळमळते.

एकटा कारागीर वर्षाला साधारण दहा-वीस गिटारी करतो, म्हणून नावाजलेल्यांकडे कित्येक वर्षांची प्रतीक्षा असते. गिटार हाती आल्यावर तिचा सर्वांत मोठा शत्रू कोरडी हवा. कारागीर शक्यतो ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ती जोडतो. दमट आणि कोरड्या ऋतूत तबलीची रुंदी मोकळी सोडली तर दोन-तीन मिलिमीटरनं कमी-जास्त होईल, पण कडेनं ती चिकटवलेली असते. आकसायला जागा नाही, मग ती रेषेवर तडकते. फुगली तर निदान फक्त तारा उंच होतात. म्हणून गिटार ठेवायच्या खोक्यात आर्द्रतामापक ठेवायला सांगतात, आणि गिटार एअर कंडिशनरच्या झोतात किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका असंही.

पहिल्यांदा तारा चढतात तेव्हा गिटार बहुधा निराश करते. आवाज आखडलेला असतो. तबली ताणाखाली हळूहळू बसते, घोडीपाशी किंचित वर येते, काही दिवसांत तारा उंच होतात आणि हाडाची पट्टी कानसीनं उतरवावी लागते. फार तर भोकातून हात घालून एखादी आधारपट्टी थोडी तासता येते, आंधळेपणानं, नुसत्या स्पर्शावर. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. काही कारागीर तबलीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं सही आणि तारीख घालतात. ती सही पाठ चिकटवण्याआधीच करावी लागते, म्हणजे गिटार कशी वाजणार आहे हे त्यानं ऐकलेलं नसतं तेव्हा.